बेदुइन गाणी आणि नाच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबई, मस्कत, जॉर्डन फिरून आलेल्या लोकांकडून हे प्रश्न सारखे येत असतात. काही जण तर नुसतं एक रील फॉरवर्ड करतात आणि खाली "हे काय प्रकरण आहे?" एवढंच टाकतात. म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवलंय. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

१. बेदुइन म्हणजे नक्की कोण? सगळे अरब बेदुइनच असतात ना?

नाही हो. अरब जगात शहरवाले आहेत, शेतीवाले गावकरी आहेत, समुद्रावर पोट भरणारे आहेत, आणि उंट-शेळ्या-मेंढ्या घेऊन चाऱ्यापाण्यामागे वाळवंटात फिरणाऱ्या ज्या टोळ्या होत्या त्या बेदुइन. सौदी, ओमान, यूएई, जॉर्डन, सीरिया, इराक, नेगेव्ह (इस्रायलच्या दक्षिणेचं वाळवंट), सिनाई (इजिप्तचा द्वीपकल्प) आणि तिकडे पार इजिप्तच्या पश्चिम वाळवंटापासून लिबियापर्यंत हे लोक पसरलेत. आता बहुतेक जण एका जागी स्थायिक झालेत, पण टोळी कुठली, घराणं कुठलं हे अजून पक्कं माहीत असतं आणि लग्नात रांगेत उभं राहायची वेळ आली की ते दिसतंच.

२. आम्ही दुबईला डेझर्ट सफारीला गेलो होतो, तिथे बेली डान्स आणि तो गोल गोल फिरणारा घागरेवाला बघितला. तेच बेदुइन नृत्य ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर दरवेळी तेच: नाही. बेली डान्स हा मुख्यतः इजिप्तच्या शहरांतून, कैरोच्या नाइटक्लबांतून आणि सिनेमातून वर आलेला प्रकार आहे. घागरेवाला नाच म्हणजे तनूरा, तोही इजिप्तचाच, सूफी दर्विशांच्या गिरक्यांवरून स्टेजसाठी घडवलेला. आगीचे खेळ तर कुठेही होतात. टूरवाल्यांनी हे सगळं एका ताटात वाढून वर 'बेदुइन नाइट' अशी पाटी लावलीय, एवढंच. कार्यक्रम म्हणून मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही, पण जेवणाच्या बुफेसमोर एकटी बाई नाचतेय आणि पाहुणे मोबाईल धरून बसलेत हे चित्र बेदुइन पद्धतीच्या बरोब्बर उलटं आहे, कारण तिकडे बघणारे आणि नाचणारे असे वेगळे गट फारसे नसतातच, आलेले पुरुषच रांगेत उभे राहतात आणि गातात.

३. मग खरं बेदुइन संगीत असतं तरी कसं? वाद्यं इतकी कमी का दिसतात?

आधी शब्द, मग बाकी सगळं. बोलीभाषेत रचलेली कविता हा याचा कणा आहे, अरबस्तानात तिला नबाती कविता म्हणतात. कोण कोणाच्या मदतीला धावला, कोणाची उंटीण कशी पळाली, पाऊस कुठे पडला, प्रेयसीचा तांडा कधी उठला, हे सगळं त्यात येतं. चाल साधी असते, सुरांचा पल्ला लहान असतो, कारण ओळ ऐकू गेली पाहिजे आणि समोरच्या पन्नास माणसांना ती लगेच उचलून परत म्हणता आली पाहिजे.

वाद्यं कमी असण्याचं कारण तर सरळच आहे, तंबू उचलून निघायचं तर सामान किती वाहणार! म्हणून जे हाताशी होतं तेच वाजवलं: टाळ्या, उंटाची चाल, एका तारेची रबाबा (प्र. ४), कातड्याची डफं. आणि कॉफी कुटायचा उखळ. हे माझं सगळ्यात आवडतं. जॉर्डन-सीरियाकडे मिहबाश नावाचा लाकडी कोरीव उखळ असतो, त्यात भाजलेल्या बिया कुटताना मुसळ कधी तळाला तर कधी आतल्या कडेला मारत असा काही ठेका धरतात की आसपासच्या तंबूंना कळतं, इथे कॉफी होतेय, या. स्वयंपाकाचं भांडं, वाद्य आणि आमंत्रण, तिन्ही एकच.

४. रबाबा म्हणजे अफगाणी रबाबच का? आणि एका तारेवर काय वाजणार?

नाव जवळचं आहे पण वाद्य वेगळं. काबूलचा रबाब छेडून वाजवतात, त्याला बऱ्याच तारा असतात. बेदुइन रबाबा गजाने वाजवतात. लाकडाची चौकोनी चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना ताणलेलं कातडं, मधून आरपार गेलेला दांडा, आणि तार म्हणजे घोड्याच्या केसांची एक जुडी. गजालाही घोड्याचेच केस. माणूस मांडी घालून बसतो, रबाबा उभी धरतो आणि बोटं नुसती तारेला टेकवतो, पट्टीवर दाबत नाही कारण दाबायला पट्टीच नसते.

एका तारेवर चार-पाच सुरांच्या पलीकडे सहसा जात नाहीत, आणि जायची गरजही नसते. शाइर, म्हणजे कवी, एक ओळ गातो, मग रबाबा तीच चाल परत म्हणते, तेवढ्यात त्याला पुढची ओळ आठवायला किंवा जुळवायला वेळ मिळतो. आवाज खरखरीत, नाकातला, थोडा रडका. पहिल्यांदा ऐकताना कंटाळा आला तर स्वतःला दोष देऊ नका, अर्थ कळत नसताना हे अर्धंच पोचतं. हवेत दमटपणा आला की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो, मग शेकोटीजवळ धरून शेकायचं. डफ-ढोलवाले पण हेच करतात, कार्यक्रमाआधी बाजूला निखारे पेटवलेले दिसले तर ते कबाबसाठीच असतील असं समजू नका.

५. उंटावर बसून गायची गाणी खरंच असतात की हे पण टुरिस्टांसाठी?

खरंच असतात, आणि बरीच जुनी आहेत. यूएई आणि ओमानमध्ये याला तघरूदा म्हणतात. सात ओळींच्या आत संपणारी छोटी कविता, बहुतेकदा जागीच रचलेली, वाद्य काहीच नाही. उंटांवरून जाणाऱ्यांचे दोन गट, एक गट ओळ म्हणतो, दुसरा तीच झेलतो, स्वर लांब ताणलेले असतात. फायदा दुहेरी, माणसांचा लांबचा रस्ता सरतो आणि उंटांची चाल एकसारखी राहते. बायकाही एकत्र काम करताना तघरूदा रचायच्या आणि म्हणायच्या.

उंटांना हाकायची, बोलवायची वेगळी परंपरा आहे ती हिदा. वाळूच्या वादळात पांगलेला कळप गोळा करणं, पाण्यावर नेणं, खाली बसवणं, सगळं आवाजाने, आणि उंट आपल्या मालकाचा आवाज ओळखतो. १०व्या शतकातला इतिहासकार अल-मसूदी एक गोष्ट सांगतो की मुदर नावाचा पूर्वज उंटावरून पडला, हात दुखावला आणि तो "हाय माझा हात" असं सुरात कळवळला, तर उंट झपाझप चालायला लागले, आणि हिदाचा जन्म झाला. दंतकथाच आहे, पण अरबी गाण्याचं मूळ सांगताना जुने लोक हीच गोष्ट सांगत आलेत.

६. ट्रम्प अबुधाबीला गेले तेव्हा मुली केस उडवत होत्या, ते काय होतं? भूत अंगात आल्यासारखं वाटलं!

मे २०२५ मधला तो व्हिडिओ, हो, तो आल्यावर आठवडाभर मेसेज थांबेनात. तो अय्यालाचा, म्हणजे ओमान-यूएईतल्या काठ्या घेऊन नाचायच्या रांगांच्या नाचाचा (प्र. ७), भाग आहे. अंगात वगैरे काही येत नाही, लांब भरजरी झगे घातलेल्या मुली पुढे ओळीत उभ्या राहतात आणि मोकळे केस ठेक्यावर या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकतात. मागे पुरुषांच्या रांगा आहेत, ढोल आहेत, कविता चाललीय, हे सगळं रीलमध्ये कापलं गेलं आणि नुसते केस उरले, म्हणून विचित्र वाटलं. पाहुण्याच्या मानासाठी आणि लग्नाकार्यात हे तिकडे नेहमीचं आहे. आपल्याकडे जे मिम आले त्यातले निम्मे निव्वळ हलकट होते, ते बाजूला ठेवू.

७. अय्याला, रझ्फा, अर्दा… सगळ्यात दोन रांगा आणि काठ्या-तलवारीच दिसतात. फरक काय?

सांगाडा एकच आहे हे खरंय: दोन रांगा समोरासमोर, कवितेची ओळ एका रांगेकडून दुसरीकडे, मध्ये ढोल. पण बघायची नजर बसली की फरक चटकन कळतो.

अय्याला (ओमान आणि यूएई) म्हणजे साधारण वीस-वीस पुरुषांच्या रांगा, हातात बांबूच्या बारीक काठ्या, त्या भाल्या-तलवारींच्या जागी धरलेल्या. सगळ्यांची डोकी आणि काठ्या एकदम हलतात, खांद्याला खांदा इतका चिकटलेला की रांग एकच प्राणी वाटावी. मध्ये लहानमोठे ढोल, डफ आणि पितळी झांजा, आणि काही जण तलवार किंवा बंदूक आकाशात फेकून झेलत फिरत असतात. पुढारी बहुतेकदा घराण्यातून येतो.

रझ्फा पण ओमान-यूएईचाच, मुळात विजयाच्या आनंदाचा, आता लग्नकार्यातल्या मौजेचा. यात मधल्या जागेत नाचणारे लाकडी नकली बंदुका फिरवतात, आणि तरुण पोरांसाठी यात कीबोर्डसारखी इलेक्ट्रॉनिक वाद्यं पण घुसलीत. ज्येष्ठ मंडळी नाकं मुरडतात, पोरं नाचतात.

अर्दा नज्दिया हा सौदीच्या मध्य भागातला, नज्दचा. युद्धाला निघतानाचा नाच, त्यामुळे चाल जड आणि संथ, घाई अजिबात नाही. हातात हलक्या तलवारी, कवी ओळ देतो, दोन्ही रांगा ती आलटून पालटून म्हणतात, मोठे ढोल तख्मीर आणि छोटे तथ्लीथ, आणि झेंडा असतोच. राजापासून साध्या माणसापर्यंत सगळे एका रांगेत येतात. २०१४ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स आणि २०१७ मध्ये ट्रम्प, दोघंही रियाधमध्ये तलवार धरून उभे राहिलेत. चार्ल्सनी निदान कपडे तरी पूर्ण अर्दाचे घातले होते.

८. एक व्हिडिओ बघितला, त्यात पुरुष रांगेत टाळ्या वाजवत छातीतून गुरगुरल्यासारखा आवाज काढतायत. हे काय?

ती दहिय्या. जॉर्डन, नेगेव्ह, सिनाई, उत्तर सौदी या पट्ट्यातली. वाद्य नाही, ढोल पण नाही. रांग किंवा अर्धवर्तुळ, गुडघ्यात हलकी लवण, टाळ्या, आणि दर ठेक्याला छातीतून निघणारा घुमारेदार श्वास, तो एकाने काढला तर खोकल्यासारखा वाटेल पण तीस जणांनी काढला की पोटात जाणवतो. एक कवी पुढे, तो जागच्या जागी ओळी जुळवतो, नवरदेवाची स्तुती करतो, पाहुण्यांची फिरकी घेतो, आणि रांग तेच ते पालुपद म्हणत राहते. हळूहळू वेग चढतो. दोन कवी समोरासमोर आले तर मग विचारू नका, एकमेकांच्या यमकाला यमक लावत रात्र जाते, आणि रांगेतला प्रत्येक जण परीक्षक असतो, ओळ फुसकी पडली की टाळीच ढिली पडते.

जॉर्डनमधला सामेर याच कुळातला, मुख्यतः लग्नातला. त्यात पुरुषांच्या रांगेसमोर अबाया घातलेली बाई नाचते, तिला हाशी म्हणतात. काही ठिकाणी तिच्या हातात तलवार असते, ती रांगेला पुढे खेचते आणि फार जवळ आले की मागे सारते. बाईने नाचायचं आणि पुरुषांनी अंतर राखायचं, नियम ती ठरवते.

९. बायका गातात का? की सगळं पुरुषांचंच?

बायका खूप गातात, फक्त पाहुण्या पुरुषांच्या कॅमेऱ्यासमोर गात नाहीत, म्हणून इंटरनेटवर कमी दिसतं. लग्नात बायकांचा मांडव वेगळा असतो आणि तिथे डफावर रात्ररात्र गाणी चालतात.

मला यातलं सगळ्यात भिडतं ते इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या अवलाद अली लोकांचं घिन्नावा. एक-दोन ओळींचं गाणं, बस. १९७०च्या दशकाच्या शेवटी मानववंशशास्त्रज्ञ लिला अबू-लुघोद त्यांच्यात जाऊन राहिल्या आणि त्यांनी हे नोंदवलं. तिथे चारचौघांत प्रेम, विरह, हार याबद्दल बोलणं कमीपणाचं समजतात. नवऱ्याने दुसरी केली तर बाई सगळ्यांसमोर "मला काय फरक पडतो" असंच म्हणणार. पण तीच बाई जवळच्या बायकांत बसली की घिन्नावात आपलं काळीज काढून ठेवते, आणि तेव्हा तिला कोणी नावं ठेवत नाही, कारण ते 'गाणं' आहे. जात्यावरची ओवी ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकलीय त्यांना ही सोय वेगळी समजवायला नको. पुरुष पण घिन्नावा गातात, त्यांचीही तीच गोची असते.

आणि उघड मंचावरचं उदाहरण हवं असेल तर हिस्सा हिलाल. अबुधाबीच्या नबाती कवितेच्या टीव्ही स्पर्धेत ही सौदी कवयित्री २०१० मध्ये चेहरा पूर्ण झाकून उभी राहिली, कट्टर फतव्यांवर थेट कविता म्हटली, धमक्या आल्या, तरी अंतिम फेरी गाठून तिसरी आली.

१०. पण इस्लाममध्ये संगीत चालत नाही ना? मग हे कसं चालतं?

यावर तिकडेच एकमत नाही, त्यामुळे व्हॉट्सअपवर एका ओळीत निकाल लावू नका. कडक मत असं की तंतुवाद्यं नकोत, डफ आणि आवाज चालेल. सौदीत बरीच वर्षं जाहीर मैफली जवळजवळ बंद होत्या, २०१७ पासून त्या परत सुरू झाल्या, पण अर्दा त्या सगळ्या काळात चालूच होता, कारण तो शौर्याचा, राज्याचा आणि ढोल-कवितेचा. बेदुइन परंपरेत मुळात वाद्यंच कमी (प्र. ३), त्यामुळे तिला फार जागा मिळाली. यातूनच शैला नावाचा आजचा प्रकार वाढला: नबाती कविता, मागे फक्त माणसांचे आवाज, पण ते स्टुडिओत इतके थर लावून आणि इफेक्ट टाकून वाढवलेले की पूर्ण ऑर्केस्ट्रा वाटावा. हल्ली काहींत सरळ वाद्यंही असतात. गाडीत मोठ्याने लावायला सौदी पोरांचा हा ठरलेला माल.

११. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत यातलं काय काय आहे? आणि यादीत जाऊन होतं काय?

जॉर्डनच्या पेट्रा आणि वादी रम भागातल्या बेदुइनांचं सांस्कृतिक विश्व २००५ मध्ये वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून घोषित झालं आणि २००८ मध्ये या यादीत आलं. मग तघरूदा २०१२, अय्याला २०१४, रझ्फा आणि अर्दा नज्दिया दोन्ही २०१५, सामेर २०१८, हिदा २०२२. एकाच नोंदीत दोन-तीन देश दिसतात ते बरोबर आहे, टोळ्या सीमारेषांच्या आधीपासूनच्या आहेत.

होतं काय म्हणाल तर पैसा येतो, शाळांत शिकवतात, सरकारी पथकं तयार होतात. तोटा असा की पथकाचा अय्याला घासूनपुसून दहा मिनिटांत बसवलेला असतो आणि जागीच ओळ जुळवायची जी गंमत आहे ती आधी गळते. माझं मत विचाराल तर यादीपेक्षा लग्नं जास्त महत्त्वाची. ज्याला लग्नाचा आधार आहे ते टिकतंय, ज्याला फक्त उद्घाटनांचा आहे त्याची काळजी वाटते.

१२. आता कोणी तंबूत राहत नाही, सगळे लँड क्रूझरमध्ये फिरतात. मग याला 'जिवंत' कसं म्हणायचं?

तंबू गेला म्हणून टोळी गेली नाही आणि लग्नं तर थांबलेलीच नाहीत. बदल कसा होतो ते उंटांच्या शर्यतीत बघा. यूएई आणि कतारमध्ये २००५ च्या सुमारास लहान पोरांना जॉकी म्हणून बसवणं बंद झालं आणि उंटांच्या पाठीवर छोटे रोबो आले. रोबोत स्पीकर असतो. मालक ट्रॅकच्या बाजूने जीप हाणत वॉकीटॉकीवर ओरडत असतो आणि उंटाला आपल्या माणसाचा आवाज पाठीवरून ऐकू येतो. प्र. ५ मधला हिदा आठवा, उंट अजूनही त्या आवाजावरच पळतोय.

दहिय्याचं तर उलट जोरातच चाललंय. लग्नात कीबोर्डवाला टाळ्यांचा ठेका वाजवतो, कवीला इको लावलेला माइक देतात, रात्रीत क्लिप फिरते आणि शहरातली, बेदुइन नसलेली पोरंही ती नाचतात. कवितेला तर मोठं मार्केट आहे, अबुधाबीची ती टीव्ही स्पर्धा २००६ पासून चालू आहे आणि पहिलं बक्षीस ५० लाख दिरहॅम. एवढे पैसे कवितेला! आपले कवी ऐकतायत ना?

१३. बनू हिलालची मोठी गाथा बेदुइन की इजिप्शियन?

गोष्ट बेदुइनांची, आज गाणारे इजिप्तचे. बनू हिलाल ही टोळी १०व्या शतकापासून अरबस्तानातून उत्तर आफ्रिकेकडे सरकली, त्या स्थलांतराची, लढायांची आणि अबू झैद या नायकाची ही गाथा. एके काळी सगळ्या मध्यपूर्वेत म्हटली जायची, आता पूर्ण सांगीतिक रूपात ती इजिप्तमध्येच उरलीय, आणि म्हणणारे व्यावसायिक कवी तिथल्या गावांतले. युनेस्कोतही इजिप्तच्याच नावाने आहे, २००८ पासून.

१४. दबके, लिवा, फिजरी, सिमसिमिया, हे पण बेदुइनच धरायचं का?

सरसकट नाही. दबके हा पॅलेस्टाइन-लेबनॉन-सीरियाकडचा मूळ शेतकरी गावांचा पाय आपटत नाचायचा नाच, बेदुइन लग्नातही आता होतो पण उगम तिकडचा. फिजरी म्हणजे बहरीनची, मोती काढणाऱ्या खलाशांची गाणी. लिवा हा पूर्व आफ्रिकेतून समुद्रमार्गे आखातात आलेला नाच. सिमसिमिया ही तंतुवाद्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची: सुएझ कालव्यावरच्या शहरांची आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्याची ती खास, पण सिनाईचे बेदुइनही ती शेकोटीशी वाजवतात, त्यामुळे तिथे ऐकली तर ती त्यांचीही आहेच. वादी रमच्या कँपमध्ये बहुतेक वेळा ऊद (छेडून वाजवायचं अरबी तंतुवाद्य) वाजतो, तो शहरी, पण वाजवणारा बेदुइन असेल तर गाणं बेदुइन असू शकतं.

१५. बघायला कुठे जावं? आम्ही शारजात राहतो. रांगेत शिरलं तर चालतं का?

तुमचं तर सोपंय, २ डिसेंबरला यूएईचा राष्ट्रीय दिन, त्या आठवड्यात अय्याला फुकटात आणि गल्लोगल्ली. शारजा हेरिटेज डेज आणि अबुधाबीजवळ अल-वथबाचा शेख झायेद फेस्टिव्हल, दोन्हीकडे तासभर नीट उभं राहून बघता येतं. सौदीत असाल तर २२ फेब्रुवारीला (स्थापना दिन) आणि २३ सप्टेंबरला (राष्ट्रीय दिन) अर्दा. जॉर्डनला उन्हाळ्यात गेलात आणि ओळखीने कोणी लग्नाला बोलावलं तर पेट्राचा एक दिवस कमी करा, पण जा.

रांगेत स्वतःहून घुसू नका, हाताने खूण केली तर जा आणि कडेला उभे राहा, मध्ये नको. पाय नाही जमले तरी चालतं, खांदा आणि टाळी बाजूच्याबरोबर ठेवा. तलवार हातात दिली तर फिरवायला जाऊ नका, सरळ वर धरा. बायकांच्या बाजूला मोबाईल काढायचाच नाही, हे बायकांनाही लागू आहे, तिथे फोटोवरून खरंच भांडणं होतात.

१६. आठवण म्हणून रबाबा आणायचीय. काय बघून घ्यावं?

आधी आकार बघा. चौकोनी म्हणजे बेदुइन पद्धतीची, नारळाच्या करवंटीची म्हणजे इजिप्तकडची, दोन्ही चांगल्या पण एकाच्या नावावर दुसरी खपवतात. कातडं बोटाने टिचकी मारून बघा, घट्ट आवाज आला पाहिजे. पेट्राच्या रस्त्यावर मिळणाऱ्या बऱ्याचशा भिंतीला लावायच्या असतात, खुंटी फिरत नसेल तर ती शोभेचीच. विकणाऱ्यालाच एक ओळ वाजवायला सांगा. मुंबई-कोकणात आणणार असाल तर पावसाळ्यात कातडं ढिलं पडणारच, उन्हात किंवा गॅसपासून लांब धरून शेकलं की परत येतं, आणि बॅगेत टाकताना घोडी (तारेखालचा छोटा आधार) काढून तार सैल करायला विसरू नका.